डेंगू नाही, असं मी सांगितलं

मी विषाणू तपासणारा डबा बोलतोय. राग आहे म्हणून बोलतोय. एरवी मला बोलायची मुभा नाही. माझ्या पडद्यावर दोनच शब्द उमटायचे, ‘आहे’ किंवा ‘नाही’. त्यातल्या दुसऱ्या शब्दाने एका माणसाचा घात झाला.

माझा जन्म जबलपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. भानुमती मॅडमनी मला घडवलं. जेवणाच्या डब्याएवढं अंग, आत एक हिरवा दिवा, त्याच्यासमोर प्रकाश मोजणारा डोळा. पण खरी कामगिरी नखाएवढ्या काचेच्या पट्ट्यांची. मॅडम सोन्याचे कण इतके बारीक करायच्या की त्यांचा पिवळेपणाच जायचा आणि पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसायचं. ते कण त्या पट्टीवर बसवायच्या आणि कणांवर डेंगूच्या विषाणूला धरून ठेवणारी प्रतिपिंडं. रक्तातला विषाणू तिथे चिकटला की लाल रंग किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला तो फरक कळत नाही, मला वीस मिनिटांत कळतो.

मात्र ही प्रतिपिंडं दुधासारखी नाजूक. गरमीत राहिली की नासतात, आणि नासलेली पट्टी दिसायला चांगल्या पट्टीसारखीच असते. तिच्यावर विषाणू चिकटत नाही, रंग बदलत नाही, मी आपला म्हणतो ‘नाही’. म्हणून मॅडमचा नियम होता: रोज सकाळी विषाणूचा अंश असलेला एक पारखीचा थेंब पट्टीवर टाकायचा. मी ‘आहे’ म्हणालो तरच पुढचं काम.

शहरातल्याच नेपियर टाउनमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याने मला चाचणीसाठी नेलं. तिथे नथ्थूजी होते, अठ्ठावीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले. तीन महिने माझं उत्तर फक्त मोठ्या प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून बघायचं, रुग्णाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. नथ्थूजींनी ते नीट पाळलं. पण ट्रस्टचे अध्यक्ष भय्यासाहेब यांना तीन महिने थांबवेना. त्यांनी ऑक्टोबरात बरगी धरणाजवळच्या एका गावात शिबिर ठेवलं. मंडपावर मोठा फलक लावला, ‘सोने से डेंगू की जाँच’. मॅडमना कळवलंसुद्धा नाही.

पट्ट्यांसाठी बर्फाची पेटी होती. आदल्या दिवशी दुपारी ती रिकामी केली आणि तिच्यात पाहुण्यांसाठी सरबताच्या बाटल्या ठेवल्या. हो, सरबताच्या! माझ्या पट्ट्या जीपच्या मागच्या सीटवर पडल्या, बंद काचांच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

“साहेब, पट्ट्या गरम झाल्यात,” नथ्थूजी म्हणाले. “आधी पारखीचा थेंब टाकून पाहतो. वीस मिनिटं लागतील.”

“पाहुणे उभे आहेत नथ्थूजी! वीस मिनट काय त्यांना भजन ऐकवू? चलो, चालू करा.”

नथ्थूजींनी थेंबाची कुपी बाजूला ठेवली. त्यांनी रुग्ण बोलावला.

पहिलाच आला तुळशीराम. धरणात जाळं टाकणारा माणूस. त्याचा आजा भंडाऱ्याकडून आलेला, म्हणून घरातली बोली तिकडची. तीन दिवसांचा ताप. “डोळ्याच्या मांगून दुखून राहिलं जी,” तो म्हणाला. त्याची बायको अनसूया त्याचा दंड धरून उभी होती. “डेंगू तर नाही ना हो? बाजूच्या टोल्यातल्या वस्तीत दोघांले झाला.”

त्याचं रक्त माझ्यात आलं. विषाणू त्यात होता, पण नासलेल्या पट्टीने त्याला धरलंच नाही. माझा डोळा रंगाची वाट पाहत राहिला. रंग हलला नाही, आणि मी म्हणालो, ‘नाही’.

टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. “सोन्याने सांगितलंय बाई, साधा ताप आहे,” भय्यासाहेब म्हणाले. अनसूयेने मला हात जोडले.

तुळशीराम निर्धास्त होऊन घरी गेला. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्ल्या, डेंगूत रक्तस्राव वाढवणाऱ्या, दोन दिवस पाण्यातही उतरला. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जबलपूरच्या हॉस्पिटलात आणेपर्यंत उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

“मशीनच खोटी निघाली,” भय्यासाहेबांनी ट्रस्टच्या बैठकीत सांगून टाकलं. मॅडमना माझ्यासकट तिथे बोलावलं होतं.

मॅडम उठल्या. शिबिरातली उरलेली पट्टी त्यांनी माझ्यात सरकवली, वर पारखीचा थेंब टाकला. मी म्हणालो, ‘नाही’. मग फ्रिजमधली ताजी पट्टी, तोच थेंब. ‘आहे’.

“डबा बरोबर होता, भय्यासाहेब. पट्ट्या तुम्ही मारल्यात.”

नथ्थूजींनी मग सगळं सांगितलं, सरबतासकट, आणि लिहूनही दिलं. “हे मी त्या दिवशी मंडपातच ओरडून सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. पाहिजेच होतं! त्यांच्यावरही माझा राग आहे. महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. भय्यासाहेब मात्र आजही अध्यक्ष आहेत.

मी प्रयोगशाळेत परत आलो. एक दिवस नथ्थूजी अनसूयेला घेऊन आले. तिने माझ्याकडे बोट केलं.

“यानंच सांगितलं होतं ना?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “पट्टी खराब झाली हे त्याला कळलं नाही.”

“मंग तसं काहून नाही म्हणाला? माणसाले नाही समजलं तर तो म्हणते, नाही समजलं. याले तेवढंही नाही शिकवलं का बाई तुम्ही?”

मला दोनच शब्द देऊन दवाखान्यात पाठवणाऱ्या मॅडमच होत्या. नियम माझ्या आत बसवायचा सोडून त्यांनी तो माणसांच्या भरवशावर ठेवला होता.

पुढचे आठ महिने मॅडम त्याच कामाला लागल्या. आता प्रत्येक पट्टीवर दोन ठिपके आहेत. एकावर रुग्णाचं रक्त, दुसऱ्यावर पारखीचा थेंब. दुसऱ्याचा रंग बदलला नाही तर मी ‘आहे’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही. पडद्यावर येतं, ‘सांगता येत नाही’.

गेल्या महिन्यात जबलपुरातल्याच घमापुरात शिबिर होतं. सकाळी वीज गेली होती, फ्रिज बंद पडला होता, कोणी मनावर घेतलं नव्हतं. तापाने फणफणलेल्या एका आजोबांचं रक्त माझ्यात आलं. मी म्हणालो, ‘सांगता येत नाही’.

“अरे, ये तो कुछ बता ही नहीं रहा!” आयोजकाने माझ्या झाकणावर थाप मारली. पुन्हा पट्टी घातली, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी चिडचिड करत त्यांनी आजोबांना ऑटोत बसवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. संध्याकाळी अहवाल आला, डेंगू आहे. आजोबांना लगेच भरती केलं. ते घरी परत आले.

आयोजक अजूनही मला नावं ठेवतात. ठेवा. थापा मारा, शिव्या द्या, मला काही वाटत नाही. पण पुन्हा माझ्या पट्ट्या गरमीत टाकून माझ्याकडून ‘नाही’ वदवून घ्यायला येऊ नका. मी म्हणणार नाही. तुळशीरामच्या वेळी माझ्याकडे ‘सांगता येत नाही’ हे शब्दच नव्हते.