तिसरा पेला

स्वयंपाकघरातला वजनकाटा पुन्हा जागेवर नव्हता. तो कुठे असणार हे तिला न बघताही ठाऊक होतं. मागच्या खोलीत त्यावर ब्रेकची दांडी ठेवलेली होती आणि तिचा धाकटा भाऊ काट्याला नाक लावून बसला होता. अंगकाठीमुळे सगळं जग त्याला काडी म्हणायचं.

"ताई, बघ तरी! भोकं पाडल्यावर केवढी हलकी झाली!"

"तुझं डोकं ठेव त्यावर," ती म्हणाली. "काटा जागचा हलायचा नाही."

ती शिवणकाम करायची. पडद्यांची कामं यायला लागल्यापासून तिला ही खोली हवी होती, कारण पडद्याचं कापड अंथरायला पलंग पुरत नाही. सुताराकडून तिने कटिंगचं लांबलचक टेबलही करवून घेतलं होतं. पण खोलीत मोटरसायकल, म्हणून टेबल बोळात. येताजाता ज्याच्या त्याच्या पायाचा अंगठा त्याच्यावर आपटायचा आणि जो तो टेबलाला शिव्या द्यायचा. ती एकटीच मोटरसायकलला द्यायची.

मोटरसायकल म्हणजे भंगारातली जुनी टू-स्ट्रोक. नवऱ्याने ती पोत्यात भरून घरी आणली होती, यावरून काय ते समजा. नवरा लेथवर काम करायचा, त्याला ताकदीचं वेड. त्याने सिलिंडरमधल्या वाटा कानशीने घासून रुंद केल्या आणि पोट सुटलेला सायलेन्सर गीझरच्या पत्र्यातून वळवला. गीझर तोवर चांगला चालू होता. काडीचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्याला हलकेपणाचं वेड. त्याने सायकलची सीट बसवली, सायकलचा मडगार्ड बसवला आणि लोखंड दिसेल तिथे भोक पाडलं. एकाला खर्च करायचा नव्हता आणि दुसऱ्याकडे खर्चायला काही नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. तिच्या मात्र नाकी नऊ आले. तांदळात वॉशर, बॉबिनच्या डब्यात प्लगचा पान्हा आणि आंघोळीला गार पाणी!

शेवटी तिने अट घातली. रविवारी ही गाडी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढली, तीही कुणी धक्का न मारता, तर राहू दे खोलीत. पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही चढली तर सोमवारी भंगारवाला, आणि खोली माझी. दोघांनी तिथल्या तिथे होकार दिला. इतका आत्मविश्वास त्यांना दुसऱ्या कशाच्याच बाबतीत नव्हता.

आणि ऐन वेळी दोघांचं वाजलं. नवरा ऐटीत गाडीवर बसला आणि सीट कडकन वाकली.

"ही सीट आहे की खेळणं?" नवरा ओरडला.

"दाजी, मी राब राब राबून गाडीचं वजन उतरवलं," काडी म्हणाला. "तुम्ही तेवढंच पोटावर चढवलंत. खरं तर भोकं तिथेच पाडायला हवी होती."

तिला हसू आलं. हे कधीतरी कुणीतरी बोलायलाच हवं होतं. पण नवऱ्याला ते भलतंच झोंबलं आणि त्या क्षणापासून दोघांचा अबोला सुरू झाला. काम थांबलं नाही. एकाच खोलीत, एकाच गाडीच्या दोन बाजूंना बसून दोघं हात चालवत होते आणि पुढच्या खोलीत बसलेल्या तिला हाका मारत होते.

"अगं, त्याला सांग, चेन सैल आहे."

"ताई, दाजींना सांग, चेन तशीच लागते."

"त्याला सांग, मला शिकवू नकोस म्हणावं."

रविवारी सकाळी तिने कात्री आपटली. "बास! आजपासून निरोप बंद. मी काय टपालपेटी आहे? बोलायचं तर एकमेकांशी बोला, नाहीतर भिंतीशी बोला!"

यावर दोघं भिंतीशीही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने नवरा आंघोळीला गेला, काडी दुसरी सीट आणायला दुकानात गेला आणि ती वजनकाटा परत न्यायला मागच्या खोलीत आली. गाडीशेजारी तेलाची बाटली होती, तिच्यावर काचेचा पेला उपडा घातलेला. पेला तिचाच. मापाची लाल रेघही तिच्याच नेलपॉलिशची. या गाडीच्या पेट्रोलमध्ये दर खेपेला हातानेच तेल मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर पिस्टन चिकटतो आणि इंजिनाचं मातेरं होतं. हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

टाकी तर पेट्रोलने भरलेली होती. मग तेल टाकलं का कुणी? विचारायचं म्हणजे पुन्हा निरोप्या व्हायचं, आणि ते तर तिने आत्ताच झिडकारलं होतं. या दोन गाढवांपैकी प्रत्येकाला वाटणार, दुसऱ्याने टाकलं असेल. बरं, तिला काय त्याचं? इंजिन चिकटलं तर उद्याच टेबल आत. ती काटा घेऊन बोळात आली, अंगठा टेबलावर आपटला, तिने मोटरसायकलचा उद्धार केला आणि पुटपुटत परत फिरली. रेघेपर्यंत पेला भरला, टाकीत ओतला, गाडी गदागदा हलवली आणि पेला होता तसा उपडा ठेवला. वर स्वतःवरच चिडली.

टेकडीच्या पायथ्याशी नवऱ्याने किक मारली. मागे स्कूटरवर ती, तिच्या मागे काडी. पहिल्या वळणापर्यंत गाडी अशी काही सुसाट गेली की तिची स्कूटर मागे पडली आणि तिच्याही नकळत तिची मान ताठ झाली. मग धूर यायला लागला. आधी थोडा, मग एवढा की नवरा दिसेना, नुसतं खोकणारं इंजिन ऐकू येत होतं. शेवटच्या वळणावर, टाकी अगदी समोर दिसत असताना, खोकलाही थांबला.

नवरा उतरला. चेहरा काळा झालेला. "ठरलं म्हणजे ठरलं," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

ती जिंकली होती. आता टेबलाचा विचार करायचा, खिडकीशी लावायचं की भिंतीशी. पण टेबल काही डोळ्यांसमोर येईना आणि तिला त्याचाच भयंकर राग आला.

काडीने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं. "तेल जास्त झालंय," तो हवेला उद्देशून म्हणाला. "मी तर एकच पेला टाकला होता."

नवरा गर्रकन वळला. "तू टाकलास? अरे, मी टाकला होता!"

"तुम्ही कशाला टाकलात, दाजी?"

"मला वाटलं तू विसरशील!"

"आणि मला वाटलं तुम्ही रागाच्या भरात विसराल!"

अबोला सुटला तो असा. नवऱ्यानेही बोट बुडवलं आणि चिमटीत चोळून बघितलं. "दोन पेल्यांनी एवढा चिकटपणा येत नाही. हे तिप्पट आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"काय बघताय? तिसरा मी टाकला."

"तू?" नवरा म्हणाला. "तुला तर ही गाडी डोळ्यांसमोर नको होती."

"नकोच आहे! पण हिच्यापायी तुम्ही दोघांनी केवढा जीव आटवलात ते बघितलंय मी. पिस्टन चिकटला असता तर तुमची तोंडं मला बघवली नसती. झालं समाधान?"

मग नवरा चाचरत म्हणाला, "पण अट..."

"अट माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघेन. तेल तिप्पट झालंय ना? मग दुप्पट साधं पेट्रोल मिसळा. मीठ जास्त पडलं तर आपण पाणी वाढवतो, पातेलं फेकून देत नाही."

"साधं पेट्रोल इथे कुठून आणायचं?"

तिने स्कूटरच्या सीटवर थाप मारली.

"आणि प्लग साफ करायला पान्हा लागेल," काडी हळूच म्हणाला. "तो मी घरीच ठेवला. उगाच वजन नको म्हणून."

"घरी म्हणजे माझ्या बॉबिनच्या डब्यात ठेवलास." तिने डिकीतून पान्हा काढला. "तुमच्या डोक्यात घालायला आणला होता. दोघांच्या."

काडीने डिकीतली नळी लावून स्कूटरचं पेट्रोल ओढलं आणि घोटभर तोंडात घेतलं. नवरा खो खो हसला आणि मग त्याच्या पाठीवर थापट्या मारत बसला. दोघांनी डिकीतल्याच कॅनमध्ये मिश्रण केलं, तिने रुमालाने प्लग पुसला. सगळं झाल्यावर नवऱ्याने गाडीवर टांग टाकली, थांबला आणि उतरला.

"तू बस," तो काडीला म्हणाला. "मला भोकं पाडायला आता वेळ नाही."

काडीने किक मारली. थोडा धूर आला, मग इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि गाडी वळणाआड गेली. दोघं नवराबायको श्वास रोखून ऐकत राहिले. हॉर्न वजनापायी कधीच काढून टाकला होता, म्हणून काडी टाकीपाशी पोचून नुसता बोंबलला.

"चढली!" नवरा म्हणाला आणि लगेच जपून पुढे म्हणाला, "धक्का न मारता हं."

तिने स्कूटरचं बटण दाबलं. स्कूटर कोरडी ठणठणीत. "आता हिला मारा धक्का," ती म्हणाली. "आणि एक ऐका. यापुढे त्या पेल्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तेल मी घालणार."

घरी पोचल्यावर बोळात तिचा अंगठा पुन्हा आपटला. तिने टेबलाला एक सणसणीत शिवी हासडली.