घरातलं रक्त

“अहो, उलटे कुठे निघालात? तुम्ही रक्त आहात!”

मी मुलीच्या खोलीच्या दारातच थबकलो. चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. मधे फक्त एक दार. पण ते दार म्हणजे झडप, आणि झडपेतून रक्त मागे जात नाही. निमूटपणे पुढे निघालो: गॅलरी, आमची खोली, स्वयंपाकघर, मग मागच्या दाराने घराला वळसा घालून पुन्हा पुढच्या दारात.

हा सगळा खटाटोप बायकोच्या तोंडी परीक्षेसाठी. ती रुग्णालयात आया आहे आणि तिला नर्स व्हायचंय. लेखी परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली, पण तोंडीत दोनदा आपटली. आता शेवटची संधी.

“सगळं पाठ असतं हो, पण समोर डॉक्टर दिसले की दातखीळच बसते.”

“मग पाठ करूच नकोस,” मुलगी म्हणाली. “हृदयाचे कप्पे चार, आपल्या खोल्या चार.”

बाहेरची खोली झाली उजवी कर्णिका. अंगभर फिरून आलेलं रक्त तिथे शिरतं. मुलीची खोली उजवी जवनिका. ती रक्त फुफ्फुसांकडे ढकलते. फुफ्फुसं म्हणजे गॅलरी, तिथे प्राणवायू घ्यायचा. मग आमची खोली डावी कर्णिका, स्वयंपाकघर डावी जवनिका. आणि रक्त?

“बाबा बस चालवतात. त्यांना एकेरी रस्त्यांची सवय आहे.”

झालं! खांद्यावर निळा टॉवेल टाकून मी निघायचो आणि गॅलरीत तो बदलून लाल घ्यायचो. शेजारीण कुंपणावरून विचारायची, “भाऊजी, अजून किती फेऱ्या?”

“हृदयाला सुट्टी नसते, वहिनी!”

खरं सांगतो, इतकी मजा मला लग्नातही आली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं.

“डाव्या जवनिकेची भिंत सगळ्यांत जाड का असते?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी दाराकडे कान लावला. आणि मग एकदम बायकोचा आवाज,

“स्वयंपाकघर आहे ना ते!”

मी कपाळावर हात मारला. संपलं सगळं.

“काय आहे?”

“म्हणजे आमच्या घरी, बाई. उजवीला काय, शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत पोचवलं की झालं. डावीला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळ्यांना पुरवायचं असतं. जोर जास्त लागतो, म्हणून भिंत जाड.”

“बरं. आणि रक्त उलटं का जात नाही?”

“जाऊन तर बघू दे! मी ओरडते ना!” मग घाईघाईने, “म्हणजे, झडपा असतात.”

आत हशा पिकला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बायकोचा होता, आणि माझे डोळे भरून आले.

ती पास झाली. परवा पांढरा गणवेश घालून नर्स म्हणून पहिल्यांदा ड्युटीवर गेली. दारातून मला म्हणाली, “आता फिरा हवं तसं.”

संध्याकाळी घरी आलो. बायको अजून ड्युटीवर, मुलगी शिकवणीला गेलेली, घर गप्प. मुलीच्या खोलीतला पंखा बंद केला आणि लक्षात आलं, चष्मा बाहेरच्या खोलीतच राहिलाय. मधलं दार सताड उघडं होतं. ओरडणारं कुणी नव्हतं.

मी गॅलरीत गेलो, लाल टॉवेल खांद्यावर टाकला आणि स्वयंपाकघराकडे निघालो.