तीन खुणांवरचा ट्रायपॉड

मी एक जुना, लंगडा ट्रायपॉड आहे, मित्रांनो. पण लंगडा म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून मी तीन सारख्या पायांचा निघालो. टेलरकाकांच्या हाती आलो आणि दुसऱ्याच रविवारी टेकडीवरून घसरून एक पाय मोडून घेतला. काकांनी त्याला लाकडी पट्टी लावून जाड दोऱ्यानं आवळलं. काकू म्हणाल्या, "टाकून द्या हो ते." काका म्हणाले, "उसवला म्हणून कुणी शर्ट टाकतं का?"

आमची जागा बस डेपोमागच्या टेकडीवर. वर्गखोलीपेक्षा थोडं मोठं तळं, काठाला लव्हाळं, आणि टिबुकली नावाचं मुठीएवढं पाणपाखरू. गाडीवाट संपते तिथेच एक सपाट खडक आहे. त्यावर काकांनी शिंप्याच्या खडूनं माझ्या पायांच्या तीन खुणा केल्या. "माप एकदा घेतलं की घेतलं!" पावसात खडू धुऊन जायचा, काका पुन्हा आखायचे. नऊ वर्षं, दर रविवारी, त्याच खुणांवरून तोच फोटो. भर उन्हाळ्यातही तळं आटलेलं मी पाहिलं नाही.

पण काकांनी एक चूक केली. कुणी विचारलं, "कुठं निघालात?" की म्हणायचे, "जरा पाय मोकळे करायला." लोकांना कळलं तर कचरा करतील, ही धास्ती. सगळे फोटो कपाटात, अस्तराच्या कापडाखाली. मला याचा राग यायचा. अजून येतो.

मग नगरपालिकेच्या कचेरीतल्या साहेबांनी ठरवलं, टेकडीवर नुसता खड्डा आहे, रस्ता खोदून निघालेलं डबर तिथं टाका. काका फोटो घेऊन धावले. साहेब म्हणाले, "एवढं छान तळं असतं, तर कुणीच पाहिलं नसतं का?" काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या आठवड्यात शिवून गेलेल्या प्रत्येक कपड्याच्या घडीत काकांनी तळ्याचा एक फोटो घातला. मागे लिहिलं, 'रविवारी डेपोमागच्या टेकडीवर या.' चाळीसेक माणसं धापा टाकत वर आली. डबराची गाडीही आली.

"काका, ती काठी बाजूला घ्या!" ड्रायव्हर ओरडला.

"काठी नाही, ट्रायपॉड आहे. नऊ वर्षं इथंच उभा असतो. तूच खाली उतर आणि बघ."

तो कुरकुरत उतरला, कॅमेऱ्याला डोळा लावला. टिबुकली पाठीवर दोन पिल्लं घेऊन निघाली होती.

"अहो, पिल्लं आहेत की!" तो म्हणाला. मग गाडीत चढला आणि भरलेली गाडी तशीच मागे घेतली.

साहेबांचा हुकूम अजून रद्द झालेला नाही. उद्या दुसरी गाडी येईल. येऊ दे! आता दर रविवारी कुणी ना कुणी वर असतं. मित्रांनो, आवडती जागा लपवून ठेवू नका. चार माणसांना दाखवा, आणि कचरा करील त्याचा कान धरा.

परवा काकांनी खडू खिशात ठेवला, छिन्नी काढली आणि माझ्या तीन खुणा खडकात कोरल्या. मला हलवायला कुणी येणारच असेल, तर त्यानं तो खडकही उचलायच्या तयारीनं यावं.