उपाशीपोटी

केटामाइन हे नाव संगीताला आता तोंडपाठ झालं होतं. डहाणूच्या त्या खाजगी दवाखान्यात निलम डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गुरुवारी यायच्या आणि उदासीवरच्या गोळ्या ज्यांना लागू पडल्या नाहीत त्यांना हे औषध सलाईनमधून द्यायच्या. तिच्या नवऱ्याला, दीपेशला, तीन तऱ्हेच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी तिने त्याला विहिरीच्या कठड्यावरून मागे ओढलं, तेव्हापासून ती धड झोपली नव्हती. आज हे औषध त्याच्या अंगात गेलंच पाहिजे, बाकी तिला काही सुचत नव्हतं.

रानशेतहून तिने त्याला रिक्षाने आणलं होतं. आता खाटेवर मुकाट पडला होता. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, उशाशी टुकटुकणारं यंत्र.

"सकाळपासून पोटात काही?" निलम डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय."

"दारू?"

"नाय."

सिस्टरने मनगटाजवळची शीर शोधून सुई बसवली. त्याची बाही सरकत होती म्हणून संगीता वाकली, आणि त्याच्या तोंडाचा आंबूस वास तिच्या नाकात गेला.

ताडी! पहाटे सासू, हिरी, ताडी उतरवणाऱ्या देवजीच्या झाडाखालून ताजी ताडी घेऊन आली होती. दीपेशनेच मागितली होती. चार महिन्यांत पोराने पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं, म्हणून म्हातारीला आनंदाने रडू फुटलं. तिने दोन पेले भरभरून दिले. संगीताही तिथेच उभी राहून हसली, खुळी कुठली! पाड्यावर सकाळच्या ताडीला कोणी दारू म्हणत नाही. ती पिऊन माणसं कामाला जातात.

आता बोललं तर औषध रद्द, पुढचे पंधरा दिवस पुन्हा त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा. शिवाय तो घरून निघताना म्हणाला होता, हे औषध एकदाच घेईन, परत नाय. दोन पेल्यांनी असं काय बिघडणार होतं? सिस्टरने नळी जोडली. निलम डॉक्टरांचा हात बाटलीखालच्या चाकाकडे गेला.

"थांबा!" संगीता ओरडलीच. "ताडी प्यायलाय तो. दोन पेले."

डॉक्टरांनी नळी काढली. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

"आज नाही द्यायचं. ताडीवर हे औषध गेलं तर श्वास अडू शकतो. मागच्या वेळी तपासायला आलात तेव्हा नीट बजावलं होतं ना, ताडीसुद्धा नको म्हणून?"

"मला नाय सांगलं कोणी. मी केसपेपर काढाय गेलेली."

"यांना सांगितलं होतं. दोनदा."

संगीताने दीपेशकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"तुला ठाऊक होतं?"

त्याने डोळे मिटले.

"होतं," तो म्हणाला. "म्हटलं, झोपेतच होऊन जाईल. कोणावर बोल नाय येणार."

तिला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. हात उचललाही तिने, आणि त्याच हाताने त्याचा दंड घट्ट धरला.

"आयसच्या हातून, दीपेश? ती रडली रे आनंदानं! जन्मभर त्या पेल्याकडं बघत बसली असती ती!"

हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. विहिरीवर ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो मोकळा हात तोंडावर घेऊन हुंदके देऊ लागला.

निलम डॉक्टरांनी सिस्टरला दार लोटायला सांगितलं आणि स्टूल ओढून त्या त्याच्याजवळ बसल्या. यंत्र त्यांनी चालूच ठेवलं.

"दीपेश, औषध पुढेही देता येईल. आत्ता मला एवढंच सांगा, घरी गेलात तर जिवाला जपाल?"

तो संगीताकडे वळला. किती दिवसांनी त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

"नाय," तो म्हणाला. "मला घरी नका पाठवू."