अडतीस किलोचा गट

"अडतीस किलोत अख्ख्या जिल्ह्यात पोरी दोनच, वहिनी. आपली अक्षू आन् ती लोणीची. वरच्या गटात बघा, नुसती जत्रा! हितं एक कुस्ती मारली की पोरगी थेट राज्याला."

पिंपळवंडीतल्या पोरींना कुस्ती शिकवणारे कुशाबा वस्ताद ओट्यावर बसून सांगत होते. सुप्रियाचा नवरा भरत मान डोलवत होता. "बारा वर्षांची पोर, वाढत्या अंगाची," सुप्रिया म्हणाली. तिला अडतीसात बसवायची म्हणजे ताटातूनच काढायचं.

"वाढंल की मागनं," वस्ताद हसले.

अक्षदाच म्हणाली, "आई, त्या गर्दीत मी कुणाला हरवणार आहे?" पोरीला स्वतःचं बळ नेमकं ठाऊक होतं, याचंच सुप्रियाला जास्त भय वाटलं.

मग भाकरी चतकोरावर आली. रोज सकाळी भरत तिला टोमॅटोचे क्रेट मोजायच्या काट्यावर उभी करी. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली, बोलणं कमी झालं. भाकरी थापताना सुप्रियाच्या मनात येई, लोणीतल्या एखाद्या घरातही आत्ता असंच एक ताट परत येत असेल.

निवड चाचणीला नारायणगावात काटा अडतीसच्या पुढे गेला. जवळजवळ किलोभर.

"घरचा काटा तर बरोबर अडतीस दावत व्हता!" भरत म्हणाला, आणि म्हणतानाच त्याचा चेहरा उतरला. मार्केटला क्रेट कमी भरू नये म्हणून त्यानंच घरचा काटा मागे लावून ठेवला होता. वजन असे जास्त, दाखवी कमी. सगळा हंगाम माल त्याच्यावर मोजला, पोरगीही.

"परत वजनाला तासभर हाय अजून. घाम काढू." वस्तादांनी अक्षदाला स्वेटर घातला, वर खताच्या गोणीतलं प्लास्टिक गुंडाळलं. "पळ!"

एप्रिलचं ऊन. मैदानात पुढे आणखी एक पोर पळत होती, तशीच प्लास्टिकमध्ये. लोणीची. तिची आई लिंबाखाली उभी होती. तिची आणि सुप्रियाची नजरानजर झाली आणि दोघींनीही खाली बघितलं.

लोणीची पोर वाकली, बसली, मग आडवी झाली. तिची आई किंचाळत धावली.

"अक्षू, थांबू नको! गट मोकळा झाला!" वस्ताद ओरडले.

अक्षदानं वळूनही पाहिलं नाही. सुप्रियानं वाटेत शिरून तिला धरलं, ओठांना बाटली लावली. पोरीनं दात घट्ट मिटले. मग पुटपुटली, "सोड ना आई. आता मी एकटीच आहे."

सुप्रियानं प्लास्टिकखाली हात घातला. घामानं भिजायला हवं होतं ते अंग कोरडं ठणठणीत, तव्यासारखं तापलेलं. तिनं प्लास्टिक टराटरा फाडलं, बाटली पोरीच्या डोक्यावर उपडी केली.

"वहिनी, गट घालवला तुमी!"

"अहो, जीप बघा आधी!" ती भरतवर ओरडली.

दोघी पोरींना एकाच जीपमध्ये निजवलं. दोघी आया पायाशी बसल्या. अक्षदा काहीतरी बरळत होती, वजनाचंच. जीप वळताना सुप्रियानं मागे पाहिलं. मैदानाच्या पायरीवर कुणाची तरी धाकटी बहीण, बारकीशी, बर्फाचा गोळा चोखत बसली होती. वस्ताद तिच्यापुढे वाकले होते.

"तुझं वजन किती गं, बाळा?"