निवदाआधीची द्राक्षं

येवला मागे पडलं आणि दैवशालाचं बूड सीटला टिकेना. "आवं, बघा की! तिकडं बी वेल, हिकडं बी वेल! ज्वारी कुठं पेरत असतील ही माणसं?" पिकअपच्या खिडकीतून ती निम्मी बाहेर. रायभान ओरडला, "आत बस, मुंडकं जाईल ट्रकसंगं!" पण नवरोबाही काही कमी हरखले नव्हते. झरी गावापासून इथवर एकच गाणं शिट्टीवर चाललं होतं, तेही बेसूर.

मागे क्रेटमध्ये त्यांच्या अर्ध्या एकरातली पहिली द्राक्षं होती, नमुना म्हणून आणलेली. वाईनची. लागवडीचा हट्ट दैवशालाचा, आणि अख्खी झरी तिला हसली होती. आज कारखान्याने माल पसंत केला तर ठीक, नाही तर सासू कोंडाबाई वेल उपटून हळद लावणार होती. तसं तिने चारचौघांत सांगून टाकलं होतं, आणि बाई शब्दाची पक्की.

विंचूरच्या पुढे पेल्यांची चित्रं रंगवलेल्या पाट्या लागल्या. शहरातली जोडपी वेलांना बिलगून फोटो काढत होती. "आपुन बी काढू," दैवशाला म्हणाली, आणि रायभानने खरंच गाडी थांबवली. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो इतका हसला नव्हता.

माल घ्यायचा की नाही, हे कारखान्यातल्या प्रियांका मॅडमच्या हातात. त्यांनी एक मणी चिरडला, रस साखर मोजायच्या नळीच्या काचेवर टाकला आणि नळी डोळ्याला लावली.

"साखर छान आहे. पण बी कडू लागायची कधी थांबली, ताई?"



"आमी खाल्लीच न्हाईत," दैवशाला हळूच म्हणाली.

"बाग तुमचीच ना?"

आता काय सांगावं! नवं फळ देवाला दाखवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नाही. आणि पुजारी बन्सीधर महाराजांनी हात वर केले होते: दारूची द्राक्षं मारुतीपुढे ठेवणार नाही! देव अडला म्हणून घर अडलं. दैवशाला रोज वेलाखाली उभी राहून नुसता आवंढा गिळत होती.

"बी कडू तर वाईनही कडू, आणि झरी इथून लांब. तोडणीपर्यंत रोज तुम्हीच मणी चावून मला फोनवर सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "जो स्वतः खात नाही, त्याचा माल मी घेत नाही."

 दैवशालाच्या डोळ्यांपुढे हळदीचे वाफे आले.

"खा की," रायभान कुजबुजला. "घरी म्या बघतो."

पण देवाआधी कसं खायचं? घड घेऊन ती तडक दाराबाहेर गेली. ऊन रणरणत होतं. तिने घड वर धरला. "सूर्यनारायणा, तुज्याच उन्हानं पिकलीत. तुला काय सांगायचं अन् काय लपवायचं? पयला घास तुजा." क्षणभर डोळे मिटले आणि दोन मणी तोंडात टाकले.

साल जाड, रस मधासारखा, आणि बी भाजल्या शेंगदाण्यासारखी कटकन मोडली.

"कडू न्हाई! आवं, जरा बी कडू न्हाई!" ती अशी ओरडली की आतले कामगार धावत बाहेर आले. मॅडमनीही एक मणी चावला आणि हसल्या. "झालं तर! शनिवारी झरीला गाडी पाठवते. सगळा माल आमचा."

दैवशालाने त्यांना मिठीच मारली. डोळे पुसत वळून बघते तर रायभान क्रेटवर वाकलेला, दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीवरून रस ओघळतोय. तिने फाडकन त्याच्या हातावर मारलं.

"ठिवा खाली! इकायची हायत ती आता!"