किटलीच्या पोटातला पेंढा

आमच्या सुनेला स्वयंपाकात मीठ कळत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगते, तेव्हा इथे लिहायलाही हरकत नाही. पण घरात बसून समुद्रापलीकडच्या माणसाच्या हातात मातीची किटली अख्खी पोचवणारी दुसरी बाई मला कोणी दाखवावी. मी चौथीतूनच उठले, पण डोळे शाबूत आहेत.

आमचे हे किटल्या घडवतात, मुलगा भट्टी सांभाळतो. दांड्याच्या मुळाशी, माती ओली असतानाच अंगठा दाबायचा, ही यांची सही. व्यापारी माल न्यायचा तेव्हा तो अंगठा घासून काढायला लावायचा आणि बुडाला स्वतःचा शिक्का मारायला द्यायचा. हे मुकाट्याने घासायचे. त्या दिवशी मात्र ताटावरून अर्धपोटी उठायचे.

सून लग्न होऊन आली, तिने हे बघितलं, आणि एकदा भर जेवणात म्हणाली, "आपण थेट परदेशात विकू. अंगठ्यासकट."

"परदेशात आपल्याला कुत्रं तरी ओळखतं का?" मी म्हटलं.

"इथे तरी कोण ओळखतं, आई? इथे त्या शिक्क्याला ओळखतात."

अशी तोंडाला तोंड देते. त्यासाठीच मला ती आवडते, पण तिला ते कळू देत नाही.

पुढच्या खोलीतलं माझं कपाट हललं आणि तिथे वजनकाटा आला, चिकटपट्टीची भेंडोळी आली, पत्ते छापायचं यंत्र आलं. मी नाकं मुरडली. पण बघत गेले तशी मुरडणं विसरले. कुठल्या देशात काय चालतं नि काय चालत नाही, हिला तोंडपाठ. तिथली जकात ही इथूनच भरून टाकते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात कोणी हात पसरत नाही. सगळी खोकी एका लाकडी पाटावर रचून, प्लास्टिकने आवळून एकगठ्ठा विमानात चढवायची, आणि उतरल्यावर ती ज्याची त्याच्या घरी सुटी होऊन जायची. माझ्या माहेरी एका लग्नाचा आहेर चार घरी नीट पोचला नव्हता, म्हणून सांगते.

मग परदेशातल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने माल मागवला. पहिला माल वेळेत आणि धड पोचला, तर आमच्या किटल्या तिथे कायम विकायला राहणार. नाहीतर राम राम. हे व्यापाऱ्याच्या कानावर गेलं. तो आला, चहा प्यायला, आणि त्याचा शिक्का आमच्या खिडकीत ठेवून गेला. "राहू द्या इथेच. लागेल तुम्हाला," म्हणाला. यांनी खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही.

माल न्यायला गाडी आली. सून शेवटच्या कागदावर सही करत होती. तिने मान वर केली आणि यांच्या स्वेटरच्या बाहीवरून एक काडी उचलली.

"बाबा, हा पेंढा कुठला?"

हे छताकडे बघायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मला एक कळलंय, हे छताकडे बघायला लागले की काहीतरी उद्योग करून ठेवलेला असतो.

"किटल्यांच्या पोटात थोडा घातलाय," हे म्हणाले. "मागे एकीची तोटी गेली ना? तुझ्या त्या फुग्यांच्या प्लास्टिकवर माझा भरवसा नाही. आमचे वडील पेंढ्यातच माल पाठवायचे."

"कितींच्या पोटात?"

"सगळ्यांच्याच."

सुनेने पेन खाली ठेवलं. "बाबा, पेंढ्यातून कीड जाते, बी जातं, म्हणून ते लोक सीमेवरच अडवतात. एका खोक्यात सापडला की सगळा माल अडकला. जाळतील, नाहीतर परत पाठवतील."

गाडीवाला घाईत होता. "ताई, काडीच तर आहे. कोण उघडून बघतंय?"

"कोणी बघो न बघो, दादा. आत काय आहे ते मी सहीनिशी लिहून दिलंय. तुम्ही बाकीचा फेरा उरकून या, आम्हाला शेवटी घ्या."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटायच्या बेतात होता. सुनेने माझ्याकडे असं बघितलं की मी तो गिळला. आवाज न चढवता तिने यांना विचारलं, "बाबा, पेंढा तुम्ही नुसता कोंबता का?"

"कोंबतात ते अडाणी. मी वळतो. घरटं करतो. तोटीचं मूळ त्यात टेकलं पाहिजे."

"मग तसंच घरटं कागदाचं करा."

तिने खाकी कागदाच्या पट्ट्या कापून पुढ्यात टाकल्या. पहिल्या दोन यांनी फाडल्या, तिसरी वळली. पहिली किटली खोक्यात बसली, तशी तिने ते खोकं कमरेइतकं उचललं आणि सरळ सोडून दिलं! माझा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी भांड्याबरोबर खाली पडला. उघडलं, तर किटली जशीच्या तशी.

"चालेल," हे म्हणाले. म्हणजे फार आवडलं.

मग सगळी खोकी उघडली. मुलगाही भट्टी सोडून आला. मी तोट्यांतून फुंकर मारून काड्या उडवत होते. शेजारीण दारातून म्हणाली, "काय हो, या वयात शिट्ट्या?" म्हटलं, "तुम्हाला बघूनच वाजवावीशी वाटली." गाडीवाला फेरा संपवून आला तेव्हा थोडी खोकी उरली होती. तोही बाह्या सारून चिकटपट्टी मारायला बसला.

पुढे मोबाईलवर आलं, 'तपासणीसाठी थांबवला आहे.' यांनी चाक बंद ठेवलं आणि हे अंगणात येरझारा घालायला लागले. मी एकदाच म्हटलं, "एखादी काडी राहिली असेल तर?" सून म्हणाली, "राहिलेली नाही. प्रत्येक किटलीत मी बोट फिरवलंय." असं म्हणणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं?

माल सुटल्याचं कळलं तेव्हा ती आधी अंगणात धावली, यांच्याकडे. मला मागाहून सांगितलं. बरोबरच केलं.

काही दिवसांनी त्या दुकानातून आमची किटली घेतलेल्या एका बाईने फोटो पाठवला. दांड्याच्या मुळाशी तिने स्वतःचा अंगठा टेकवला होता आणि विचारलं होतं, हा अंगठा कोणाचा? सुनेने वाचून दाखवलं. यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"हात नाजूक आहे बाईचा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला, तोही सुनेने केलेला.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतला शिक्का काढून सुनेपुढे ठेवला. "हे पाठव ज्याचं त्याला." यांनी आपणहून कागदाचं घरटं वळलं. सुनेने खोकं बंद केलं, वजन केलं, व्यापाऱ्याचा पत्ता डकवला. आत काय आहे ते लिहायच्या जागी ती थांबली.

"आई, काय लिहू?"

"खरं असेल ते लिही," मी म्हटलं. "वापरात नसलेला शिक्का."